मी न निवडलेला गट

३ मार्च, मंगळवार

आज संपादकबाईंनी आत बोलावलं आणि माझं काम बदललं. एकोणीस वर्षं मी या मासिकासाठी मुलाखती घेतोय. टेप लावायची, माणसाला बोलतं करायचं, मग शब्द न शब्द कागदावर उतरवायचा. आता म्हणे मुलाखती काही दिवस राहू द्या, संगणकाच्या अंकासाठी एक तुलना लिहा. विषय काय, तर न्यूजग्रुप वाचायचे प्रोग्रॅम.

न्यूजग्रुप म्हणजे काय ते दुपारी पानाने समजावलं. पाना म्हणजे ऑफिसातले संगणक दुरुस्त करणारा; खिशात कायम स्क्रूड्रायव्हर असतो, पण नाव पाना पडलं. त्याच्या सांगण्यावरून मला समजलं ते असं: जगभरातली माणसं एकेका विषयाच्या गटात संदेश टाकतात, कोणीही वाचावं, कोणीही उत्तर द्यावं. चावडीच, पण कोणी कोणाचं तोंड बघत नाही. ते संदेश वाचायला प्रोग्रॅम लागतो. असे तीन प्रोग्रॅम महिनाभर वापरायचे आणि कोणता बरा ते सांगायचं.

हे सगळं ठीक. पण मुलाखती का काढून घेतल्या ते काही उलगडत नाही. गेल्या महिन्यातल्या त्या पिशव्यांच्या कारखानदाराने तक्रार केली होती खरी. त्याचं म्हणणं, कारखान्यात साठ माणसं आहेत असं त्याने सांगितलं आणि आम्ही आठ छापलं. मी टेप तीनदा ऐकली. आठच म्हणतोय. बाईंनाही ऐकवली. ऐकून त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांनाही पटलं असणार. मग शिक्षा मला का?

मी निघालो तेव्हा दारापाशी त्या आणखी काहीतरी म्हणाल्या. पण हल्ली त्या तोंडातल्या तोंडात बोलतात. मी "हो हो" म्हटलं.

५ मार्च, गुरुवार

ऑफिसचा संगणक घरी आला. टेबल खिडकीजवळ सरकवलं, फोनची वायर भिंतीकडेने आणली. पानाने तिन्ही प्रोग्रॅम घालून दिले.

तो गेल्यावर जोडणी करून बघितली. मोडेम अगदी शांत आहे. एक दिवा लुकलुकतो, बस्स. पण जोडणी सुरू झाली की ही उठून खोलीचं दार लावून घेते. कारण विचारलं तर म्हणाली, "अहो, केवढं किंचाळतंय ते." कोण किंचाळतंय? मी खिडकीतून खाली बघितलं. रस्त्यावर एक बाई सायकलला कुलूप लावत होती. बाकी कोणी नाही.

७ मार्च, शनिवार

तिन्ही प्रोग्रॅमची नावं लांबलचक आहेत, म्हणून मी माझी ठेवलीत.

पहिला मास्तर. काही करू म्हटलं की आधी चार प्रश्न विचारतो. संदेश पाठवायचा तर तीनदा "नक्की?" म्हणतो. घाबरायला होतं, पण चूकही होत नाही.

दुसरा गोणी. गटातले सगळे संदेश एका दमात भरून आणतो. मग फोन मोकळा करून सावकाश वाचावं. मात्र गोणीत कशावर काय पडलंय याचा पत्ता नाही. आज सायकल दुरुस्तीच्या गटात आधी उत्तर वाचलं, मग त्यावरचे आभार, आणि सगळ्यात शेवटी प्रश्न. आधी कळस मग पाया.

तिसरा झाड. कोणी कोणाला उत्तर दिलं ते फांद्यांसारखं दाखवतो. न वाचलेले संदेश ठळक, वाचलेले फिकट, आणि आपण स्वतः लिहिलेले हिरवे. मला हाच आवडेल असं वाटतंय, पण इतक्यात ठरवायला नको.

चाचणीसाठी दोन गट निवडले, सायकल दुरुस्ती आणि बुद्धिबळ. तिन्ही प्रोग्रॅमना तेच दोन, म्हणजे तुलना सारखी होईल.

८ मार्च, रविवार

ही पोस्टात खिडकीवर बसते, दुपारी दोनला घरी येते. मग संध्याकाळपर्यंत घरात एकटी. आज शेजारी खुर्ची घेऊन बसली आणि म्हणाली, "मला दाखवा की हे." झाड दाखवलं. गट कसा शोधायचा, कसा निवडायचा, सगळं.

"कशाकशावर असतात गट?" तिने विचारलं.

म्हटलं, कशावरही. मांजरं, मधमाश्या, गुडघेदुखी.

यावर तिने खुर्ची आणखी जवळ ओढली. मग काहीतरी विचारलं, ते मला नीट कळलं नाही, मी मान हलवली. नंतर म्हणाली, दुपारी पत्त्यांचा खेळ खेळायला संगणक वापरला तर चालेल का. म्हटलं, खुशाल वापर.

११ मार्च, बुधवार

विचित्र प्रकार. सकाळी झाड उघडलं तर माझ्या यादीत दोनऐवजी तीन गट. तिसरा कानाच्या तक्रारींवरचा. मी असला गट निवडलेला नाही. मास्तर बघितला, गोणी बघितली, तिथे दोनच. म्हणजे झाड आपण होऊन गट जोडतं.

वहीत लिहिलं: दोष पहिला.

गट काढून टाकला.

१२ मार्च, गुरुवार

गट परत आला.

ऑफिसात पानाला विचारलं. त्याने कानावर हात ठेवले. "काका, प्रोग्रॅम आपल्या मनाने गट घेत नाही. घरात अजून कोण वापरतं?"

"कोणी नाही. बायको पत्ते खेळते फक्त."

तो हसून काही म्हणाला. मी विचारलं, "पुस्तक? कसलं पुस्तक?" त्यावर तो गोंधळल्यासारखा झाला आणि "काही नाही, काका" असं मोठ्याने म्हणून निघून गेला. आजकालची माणसं अर्धवट बोलतात आणि वर आपल्याकडेच विचित्र नजरेने बघतात.

ऑफिसात जेवायला मी आता एकटाच बसतो. आमच्या टेबलावरची मंडळी सगळी एकाच वेळी बोलतात, कटकट होते. सुरुवातीला बोलवायचे. आता बोलवत नाहीत, ते एका अर्थी बरंच.

१५ मार्च, रविवार

लेकीचा फोन. तिकडची लाईन दिवसेंदिवस बिघडत चाललीय. हिने आधी घेतला, लगेच माझ्या हातात दिला आणि शेजारी उभी राहिली. एरवी अशी थांबत नाही.

लेक म्हणाली, फ्रीज घेतलाय. मग तीन महिन्यांचं काहीतरी. म्हटलं, "छान. पण तीनच महिन्यांची हमी म्हणजे काहीच नाही गं. दुकानदाराला विचार, आणि पावती जपून ठेव."

पलीकडून आवाजच नाही. लाईन तुटली असणार. मी फोन ठेवला आणि हिला सांगितलं, "फ्रीज घेतलाय त्यांनी."

ही माझ्याकडे बघत राहिली आणि आत निघून गेली. आपला फ्रीज जुना झालाय, त्याचं वाईट वाटलं असेल. मागोमाग जाऊन म्हटलं, आपणही घेऊ पुढेमागे, त्यात काय एवढं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. खांदे हलत होते.

बायकांचं मन कशावर दुखावेल सांगता येत नाही. मला खरंच काही समजत नाहीये. कोणी नीट सांगत पण नाही.

१७ मार्च, मंगळवार

दोष दुसरा. त्या तिसऱ्या गटातला एक मोठा धागा, एकोणीस संदेशांचा, सगळा फिकट आहे. म्हणजे वाचलेला. मी तर तो उघडलेलाही नाही. न वाचलेलं वाचलं म्हणून दाखवणं ही वाचायच्या प्रोग्रॅमची केवढी मोठी चूक.

दोष तिसरा त्याहून वाईट. त्या धाग्यात पाच संदेश हिरवे आहेत. हिरवा म्हणजे मी लिहिलेला. मी! परक्या माणसाचं लिखाण हे झाड माझ्या नावावर खपवतंय.

झाडाला आधी दहापैकी नऊ गुण देणार होतो. आता चार. दिसायला देखणं आणि आतून असं. मास्तर कटकट्या असला तरी खरं बोलतो.

२० मार्च, शुक्रवार

कच्चा लेख बाईंना दिला. त्यांनी तिथेच वाचला. तीन दोषांपाशी थांबल्या. मग कागद घेऊन त्यावर लिहून माझ्याकडे सरकवला: "एवढा गंभीर आरोप करायचा तर पुरावा हवा. पडद्याची छायाचित्रं द्या."

समोर बसून लिहून का सांगितलं? घसा बसला असेल. मी काही विचारलं नाही. पण बाहेर आल्यावर लक्षात आलं की गेले दोन आठवडे त्या मला सगळं चिठ्ठीवरच सांगतायत. राग असेल तर सरळ बोलावं माणसाने.

पुराव्यासाठी तो धागा उघडावा लागेल. कानाच्या तक्रारी वाचत बसायची हौस नाही, पण काम आहे. सोमवारी रजा टाकून निवांत करतो.

२३ मार्च, सोमवार



ही सकाळी पोस्टात गेल्यावर संगणक लावला. धागा उघडला. पहिला संदेश हिरवा होता, दहा तारखेच्या दुपारचा. छायाचित्र घेण्यापुरता वर वर बघणार होतो.

"माझ्या मिस्टरांना ऐकायला कमी येतं. त्यांना ते माहीत नाही. वर्षभरापूर्वी मी म्हटलं, एकदा कान दाखवून येऊ, तर म्हणाले, आधी तू तोंड उघडून बोलायला शीक. तेव्हापासून मी विषय काढला नाही. त्यांना वाटतं सगळं जग पुटपुटायला लागलंय. लोकांना वाटतं ते शिष्ट झालेत. त्यांच्या तोंडून हो हो आलं की मला कळतं, यांना काही ऐकू आलेलं नाही. दिवसातून किती वेळा येतं ते मी मोजायचं सोडून दिलं."

वाटलं, कोण बिचारी आहे. खरंच, पहिल्यांदा एवढंच वाटलं. तिचा नवरा हट्टी दिसतोय, असंही वाटलं.

दुसरा हिरवा संदेश: नवऱ्याचं कामावरचं काम बदललं आणि का बदललं ते त्याला कळलेलं नाही. इथे मी जरा थबकलो. पण कामं तर कोणाचीही बदलतात.

तिसरा पंधरा तारखेचा.

"आज मुलीने फोन केला. मला आधी माहीत होतं, पण ती म्हणाली, बाबांना मीच सांगणार. तिने सांगितलं, बाबा, मला दिवस गेलेत, तिसरा महिना लागलाय. ते म्हणाले, तीनच महिन्यांची हमी म्हणजे काहीच नाही, पावती जपून ठेव. मुलगी रडायला लागली, ते यांना ऐकू गेलं नाही. यांनी फोन ठेवून दिला. मुलगी म्हणते, तू काही सांगू नकोस, मी येईन तेव्हा समोर बसून सांगेन. मी हे घेऊन कुठे जाऊ ते मला कळत नाही."

मी ते परत वाचलं. पावती. मग परत वाचलं. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं, तरी मी मागे वळून बघितलं.

पुढचे संदेश सगळे वाचले. जगातल्या कुठल्या कुठल्या माणसांना माझी माहिती आहे. मी खिडकीतून काय ओरडतो, टीव्ही किती मोठा लावतो, कोणाला उलटं उत्तर देतो. आधी संताप आला. चावडीवर मांडलं हिने मला. वायर उपटून काढावी असं वाटलं. हात नेलाही होता.

त्याआधी शेवटचं एक उत्तर उरलं होतं, ते वाचलं. कोणी एक बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा म्हातारा आहे. त्याने लिहिलंय: "बाई, माझ्या बायकोने मला सांगितलं तेव्हा मी सहा महिने तिच्याशी बोललो नाही. नंतर कानाला मशीन लावलं. ती पुढे दोनच वर्षं होती. मला ते सहा महिने परत हवेत. तुमच्या मिस्टरांना सांगा."

खुर्चीवर किती वेळ बसलो ते माहीत नाही. साठ माणसं. साठच म्हणाला असेल तो. बाईंना साठ ऐकू आलं असणार आणि त्या गप्प बसल्या. पाना पुस्तक म्हणालाच नसेल. आणि लेक. लेक रडत होती आणि मी पावतीचं बोलून फोन ठेवला.

दीड वाजता त्या म्हाताऱ्याच्या खाली उत्तर लिहिलं. "मी तो नवरा. हे सगळं आज वाचलं. कान कुठे दाखवायचे असतात? तू बरोबर येशील का?" मास्तर असता तर तीनदा विचारलं असतं. झाड काही विचारत नाही. दाबलं की गेलं.

मग घराबाहेर पडलो आणि पाच वाजेपर्यंत चालत राहिलो. ती वाचेल तेव्हा समोर असण्याचं धाडस झालं नाही.

२४ मार्च, मंगळवार

काल घरी आलो तेव्हा संगणक बंद होता.  हातपाय धुऊन बाहेर आलो तर तिने दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या होत्या. एकीवर बसली, दुसरीकडे बोट दाखवलं. उजेड तिच्या चेहऱ्यावर येईल अशी बसली होती.

"शनिवारी साडेदहाची वेळ घेतलीय," ती म्हणाली.

हे मला पहिल्या खेपेला कळलं.

विचारलं, "मग फ्रीज?"

"त्यांचा जुनाच आहे हो," ती म्हणाली, आणि हसायला लागली, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. मी म्हटलं, "मला वाटलं तुला आपल्या फ्रीजचं वाईट वाटलं." मग तर ती फारच हसली. मीही हसलो, पण मला हसू येत नव्हतं.

तिने बजावलं, लेक बारा तारखेला येतेय, तिला तिच्या तोंडाने सांगू द्या. तोवर आपल्याला काही माहीत नाही.

मी विचारलं, एवढं वर्षभर मला कागदावर का नाही लिहून दिलंस? ती म्हणाली, "दिलं होतं. तुम्ही त्याच्या मागे सामानाची यादी केलीत." मला आठवत नाही. असेलही.

२६ मार्च, गुरुवार

बाईंकडे गेलो आणि सरळ विचारलं, टेपवर तुम्हाला काय ऐकू आलं होतं. त्यांनी वर बघितलं, मग नीट समोर बघून, सावकाश म्हणाल्या, "साठ. पण तुम्हाला कसं सांगायचं ते मला कळेना. माझे वडील तुमच्याच वयाचे आहेत."

माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान बाई, आणि माझी लाज राखायला तिने सबंध तुलनेचा लेख काढला. आधी हे कळलं असतं तर अपमान वाटला असता. आज काय वाटलं ते नेमकं सांगता येत नाही.

लेखातले झाडाचे तिन्ही दोष खोडले. गुण नऊ केले. कारण काय लिहायचं हा प्रश्नच होता. शेवटी "चाचणी करणाऱ्याच्या हातून चूक झाली" असं लिहून मोकळा झालो. बाईंनी ते वाक्य ठेवलं.

२८ मार्च, शनिवार

कान तपासणीची खोली छोटी, भिंतींना जाड स्पंज. कानाला हेडफोन लावून आत बसवतात. बाहेर काचेपलीकडे तपासणारी मुलगी. शिटीसारखा आवाज आला की हातातलं बटण दाबायचं, असं तिने आधी लिहून दाखवलं.

सुरुवातीला काही आवाज आले, घुमल्यासारखे. बटण दाबलं. चांगलं जमतंय असं वाटलं. मग तिने काही लावेचना. मी वाट बघत बसलो. काचेतून बघितलं, ती आपली यंत्रावर काम करतेय, कागदावर खुणा करतेय. वाटलं, यंत्र अडलं असेल. हिच्याकडे बघितलं, ती काचेपलीकडे मुलीच्या मागे उभी होती. तिने तोंडावर हात धरला होता.

दार उघडून मुलगी आत आली. म्हटलं, "करा ना सुरू."

"काका, झाली," ती म्हणाली. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिने कागद दाखवला. एक रेघ डावीकडून बरी चाललेली, आणि मग जिन्यावरून पडावी तशी खाली. "हे सगळे आवाज मी वाजवले. बाहेरच्या स्पीकरवर मावशींनाही ऐकू येत होते."

तिने समजावलं की माणसाचा आवाज मला येतो, पण त्यातले स, श, फ गळून जातात आणि गळलेल्या जागी डोकं आपल्या मनाचं काहीतरी भरतं. म्हणून मला वाटत राहिलं की ऐकू येतंय.

बाहेर बाकावर ही शेजारी बसली. बराच वेळ आम्ही दोघं त्या रेघेकडेच बघत होतो. मशीन बनून यायला अडीच आठवडे.

५ एप्रिल, रविवार

लेकीचा फोन आला. मी घेतला आणि म्हटलं, मला फोनवर नीट ऐकू येत नाही, आईला देतो. एवढंच बोलायचं होतं, पण बोलायच्या आधी दोनदा रिसीव्हर खाली ठेवून परत उचलला. 

१२ एप्रिल, रविवार

लेक आली. पिशवी दारातच ठेवली आणि माझ्या समोर स्टुलावर बसली. आईने शिकवलं असणार. तोंड उजेडाकडे करून, एकेक शब्द सुटा करत तिने सांगितलं. मला माहीत असूनही मी तिला मध्येच अडवलं नाही. सांगून झाल्यावर तिचा हात धरला.  "तुझी तब्येत?" एवढंच विचारलं.

मग तिला धीर आला आणि ती नेहमीसारखी भराभर बोलायला लागली, मान खाली घालून, हसत हसत. शब्द माझ्या बाजूने वाहून गेले. ती थांबली आणि उत्तराची वाट बघत राहिली. "हो हो" अगदी ओठांवर आलं होतं. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

म्हटलं, "हे शेवटचं मला कळलं नाही. परत सांग."

तिने परत सांगितलं. अर्धंच हाती लागलं.

"अजून एकदा."

ती थोडी पुढे सरकली, माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि तिसऱ्यांदा सांगितलं. डॉक्टरीणबाई पोटाला यंत्र लावतात, त्यात बाळाच्या छातीचे ठोके ऐकू येतात. पुढच्या तपासणीला बाबांनी ऐकायला यावं.

माझं मशीन मंगळवारी मिळतंय. तिची तारीख शुक्रवारची आहे. म्हटलं, येतो.